ताईच्या नोंदीवर माझं नाव

लोतोमोआना, हापाई बेटं
मंगळवार, सकाळची प्रार्थना आटोपल्यावर

आदरणीय ताई,

तुझ्या धाकट्या भावाने, सोसायाने, मान खाली घालून केलेला नमस्कार घे. देवाच्या दयेने इथे सगळे सुखरूप आहेत. तुझ्या भावजयीने, सेलाने, तुला आठवण सांगितली आहे, फुसी आत्याने हुकूम सांगितले आहेत (ते वेगळ्या कागदावर लिहिलेत, एका कागदात मावले नाहीत), आणि आपल्या डुकरांना लिहिता येत असतं तर त्यांनीही काहीतरी मागितलंच असतं. यानंतर प्रकृतीची चौकशी करायची अशी पत्राची रीत आहे. पण मी ती कशी करू? भावाने बहिणीच्या अंगाबद्दल, दुखण्याखुपण्याबद्दल, औषधाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे तर आपल्याला बाळकडूतच पाजलेलं. म्हणून मी तुझ्या घराच्या छपराची चौकशी करतो. मागच्या हिवाळ्यात ते गळत होतं असं सेला म्हणाली होती. आता थांबलं का? शेजारणीचा म्हातारा कुत्रा जेवतो का नीट? दारातल्या लिंबाच्या झाडाला उभारी आली का? या तिघांची तब्येत सविस्तर कळव. मी त्यावरून समजायचं ते समजेन.

ताई, तू ऑकलंडहून दोन नाताळ आली नाहीस. भर उन्हाळ्यातल्या फोटोतही तुझ्या अंगात लांब बाह्यांचा झगा असतो. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी तुझा फोन दुपारपर्यंत लागत नाही. मला कोणी काही सांगितलेलं नाही आणि मी कोणाला काही विचारलेलं नाही. सेला तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी अंगणात नारळ सोलत बसतो, तुझा आवाज येईल इतक्या जवळ आणि शब्द कळणार नाहीत इतक्या लांब. तुझा फोन लांबला की नारळ संपतात, मग मी सोललेलेच पुन्हा हातात घेतो. बहिणीचं दुखणं विचारायला बंदी आहे, बहिणीची आठवण काढायला नाही. ते काम मी रोज मन लावून करतो.

पण आता एक गोष्ट घडली आहे आणि ती तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून हे पत्र. (पाद्रीसाहेबांना विचारूनच लिहितोय. ते म्हणाले, कागदाला तोंड नसतं, लिही.) तुझ्या आरोग्याच्या त्या नव्या साखळीवाल्या नोंदीत ‘कोणी उघडली’ असा एक रकाना आहे. त्या रकान्यात माझं नाव लागलं आहे. ते पुसता येत नाही. मी विचारून पाहिलं, चार वेळा.

आता पहिल्यापासून सांगतो. राजधानीतून कालोलाइने नावाच्या बाई बोटीने आल्या. बोट लागली तेव्हा बाईंचा रंग केळीच्या पानासारखा हिरवा झाला होता, तरी त्यांनी आल्याआल्या चर्चच्या सभागृहात सगळ्या गावाला बसवलं. त्या म्हणाल्या, आपल्या बेटांवरून ऑकलंडला उपचाराला जाणाऱ्या माणसाचे कागद मागे राहतात, आणि कधी कागद पुढे जातात तर माणूस मागे राहतो. शिवाय तो कागद वाटेत कोणकोण वाचतं, देव जाणे. म्हणून आता ब्लॉकचेन. म्हणजे समजा एकच वही, पण तिच्या प्रती अनेक ठिकाणी: एक आपल्या दवाखान्यात, एक राजधानीत नुकुअलोफाला, दोन ऑकलंडला. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाची खूण असते. एका ठिकाणी कोणी खाडाखोड केली की बाकीच्या वह्या लगेच बोंब मारतात. तुमचं दुखणं मात्र त्या वहीत उघडं नसतं. ते कुलपात असतं, आणि वहीत फक्त एवढंच की कुलूप कोणी, कधी आणि कशासाठी उघडलं. किल्ली ज्याची त्याच्याकडे.

हे ऐकून मागे बसलेल्या चटया विणणाऱ्या बायका खुदुखुदु हसायला लागल्या. त्यांच्यातली थोरली म्हणाली, “बाई, ही वही आमच्या गावात पूर्वीपासून आहे. आम्ही बाराजणी विणायला बसतो. एकीनं म्हटलं की अमक्याची सून सोमवारी माहेरी गेली, की अकराजणी म्हणतात, नाही गं, मंगळवारी. आमच्यातलं काही पुसलं जात नाही.” बाईंनी विचारलं, “छान. आणि तुमच्या वहीला कुलूप?” यावर चटयांकडे एकदम फार लक्ष गेलं सगळ्यांचं.

मग फुसी आत्या उठली. (आत्या उठली की सरपंचसुद्धा बसतो हे तुला माहीत आहे.) ती म्हणाली, “माझ्या भावाच्या पोरांच्या लग्नात पहिलं ताट माझं, मयताला पहिली जागा माझी, आणि पोटदुखीला तेवढी मी परकी? आण इकडे त्या किल्ल्या.” बाई नम्रपणे म्हणाल्या, “आत्याबाई, किल्ली ज्याची त्यानेच ठेवायची असते.” आत्या म्हणाली, “ठेवू दे की. माझ्याकडे ठेवू दे.” शेवटी आत्याला असं समजावण्यात आलं की किल्ली ही लोखंडाची नसून बारा शब्दांची आहे आणि ती मनात ठेवायची आहे. दुसऱ्याच्या मनात शिरायला काय करावं लागेल याचा आत्या विचार करत बसली, तेवढ्यात सभा पुढे सरकली.

बारा शब्द. कागदावर लिहायचे नाहीत, नवऱ्याबायकोने एकमेकांना सांगायचे नाहीत आणि मरेपर्यंत विसरायचे नाहीत. बाई म्हणाल्या, शब्द कुठलेही चालतील, आपल्या भाषेतले, आपल्या आवडीचे. सगळं गाव चर्चच्या आवारात पांगलं. कोणी फणसाखाली, कोणी विहिरीपाशी, प्रत्येकाची दुसऱ्याकडे पाठ. मी चर्चच्या लाकडी ढोलाला टेकून बसलो. मी गावच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलेला माणूस, माझ्याजवळ शब्द तरी किती असणार! मग एकदम सुचलं. रविवारी सकाळी आपण सगळ्यात आधी जे गीत गातो त्याची पहिली ओळ! बोटांवर मोजले तर बरोबर बारा शब्द. जणू देवानेच मोजून दिलेले. मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की झोपण्यापूर्वी त्याबद्दल वेगळी क्षमा मागितली.

यानंतर तीन आठवड्यांनी माझ्या पायात खिळा घुसला. (तू काळजी करशील म्हणून लिहितो: भावाच्या पायाबद्दल बहिणीने ऐकलं तर चालतं की नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत. ज्याअर्थी तू वाचलंस त्याअर्थी आता उशीर झाला.) दवाखान्यात आपली तेलेसिया नर्स एकटीच होती आणि एका बाळाला तोलत होती. ती म्हणाली, “दादा, मागचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते तुमच्या नोंदीत बघा की तोवर. आधी अंगठा लावा, म्हणजे कोण उघडतंय ते लिहिलं जाईल, मग क्रमांक, मग तुमचे शब्द.” मी अंगठा लावला. क्रमांक घातला. हे क्रमांक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या यादीवरून दिलेले आहेत, आणि गेल्या वर्षी ऑकलंडच्या चर्चमध्ये तुमचीही नावं घातली तेव्हा यादी तीच वापरली. म्हणजे थोरली आधी, धाकटा नंतर. तुझा ४१६, माझा ४१७. आणि माझी बोटं तुला ठाऊक आहेत, जमिनीतून नुकत्याच काढलेल्या कंदांसारखी. काचेवर सहा आणि सात असे शेजारी शेजारी काढणाऱ्या माणसाने कधी कुदळ धरली नसणार. मी शब्द घातले, यंत्र हिरवं झालं आणि वर नाव आलं. तुझं.

मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी मागे सरकलो, दुखरा पाय बादलीत गेला आणि मी बाळांच्या वजनकाट्यावर बसलो (बाळ आईच्या कडेवर होतं, देवाची कृपा). काटा अजून सरळ उभा राहत नाही. गावातली बाळं या महिन्यात फार झपाट्याने वाढताहेत ती त्यामुळेच. तेलेसिया धावत आली. “दादा! काय झालं? भूत बघितलं का?” मी म्हटलं, “त्याहून वाईट. बहीण.” ती बिचारी लगेच समजली आणि नोंद मिटायला गेली, पण कारण दिल्याशिवाय यंत्र मिटू देईना. मी भिंतीकडे तोंड करून उभा. “कारण काय घालू? उपचार, तातडी, अभ्यास, की इतर?” मी म्हटलं, “चुकून.” “चुकून नाहीये यात.” “मग माफ करा असं आहे?” “तेपण नाही.” तेव्हा ताई, तुझ्या नोंदीत तुला असं दिसेल: उघडणारा, सोसाया. नातं, भाऊ. कारण, इतर. हे वाचून तुला काय वाटेल या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. (रात्री थोडं गेलं. सेलाने नारळाच्या दुधातली अळूची पानं केली होती.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायची आपली रीत केली. घरातली सगळ्यात जुनी, फाटकी चटई कमरेला बांधली, दवाखान्यात गेलो आणि यंत्रासमोर जमिनीवर मांडी घालून मान खाली घालून बसलो. दुसऱ्या कोणासमोर बसणार? तू तर समुद्रापलीकडे. तेलेसिया दार उघडून बघते तर हे. “दादा, ते यंत्र आहे हो, सरदार नाही. ते माफ करत नाही.” मी म्हटलं, “नाही ना पुसत, मग निदान ऐकून तरी घेऊ दे.” तिने कालोलाइनेबाईंना फोन लावून दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, “सोसायाभाऊ, तुमचं नाव पुसता आलं असतं, तर उद्या कोणाही लबाडाला आपलं पुसता आलं असतं. ते तुमच्या बहिणीच्या भल्यासाठीच पुसत नाही.” मला वाटतं, इतकी वर्षं प्रार्थनेत पाप पुसून टाक म्हणणाऱ्या माणसाला अधूनमधून असं कोणीतरी भेटायला हवं.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला सुचलाच नव्हता. “पण तुमच्या शब्दांनी बहिणीचं कुलूप उघडलंच कसं?” मी शब्द सांगितले. तेलेसिया खाली बसली. तिचेही तेच होते. त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीसाहेब म्हणाले, “ज्यांनी ज्यांनी सकाळच्या गीताची पहिली ओळ घेतली त्यांनी हात वर करा.” एकशे छत्तीस मोठी माणसं आणि एकशे पस्तीस हात. त्यातला एक खुद्द व्यासपीठावरचा. एवढ्या गुप्तपणे, एकमेकांना पाठ करून, सगळ्या गावाने एकच किल्ली घडवली होती! हात वर न करणारी एकटी फुसी आत्या. “मी दुसरं कडवं घेतलं,” ती म्हणाली. “पहिलं तुम्ही सगळे घेणार हे काय मला कळत नाही?” नंतर बाईंनी बघितलं तर सात घरांच्या नोंदींवर आत्याचा अंगठा. कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘उपचार’. आणि अन्याय करायला नको, त्या सातही घरी त्याच आठवड्यात तिने पाल्याचा काढा पोचवला होता. आता सगळ्यांनी नवे शब्द घेतले आहेत. आत्या सध्या गावाशी बोलत नाही, म्हणजे तिला काही नवीन कळत नाही. तूही तुझे बदल.

पण ताई, एक गोष्ट मी त्या रविवारी कोणाला सांगितली नाही. तुझेही शब्द तेच होते. नऊ वर्षं झाली तुला तिकडे जाऊन. भाऊजी गेले, तू त्या थंडीत एकटी राहिलीस, गाडीने कामाला जायला शिकलीस, आणि कोणीतरी म्हणालं की मरेपर्यंत विसरणार नाही असं काहीतरी मनात धर, तेव्हा तू आपल्या चर्चच्या गीताची पहिली ओळ धरलीस. मला घाबरायला हवं होतं. मी घाबरलोही. पण आधी, अगदी क्षणभर, जीव सुखावला. मी दहा वर्षांचा झालो आणि मला मुलग्यांच्या खोपटात झोपायला पाठवलं, तेव्हापासून तू मला आवाजानेच माहीत आहेस. आंब्याच्या झाडापलीकडे मोठ्या घरात तू ते गीत गुणगुणायचीस आणि तिसऱ्या शब्दावर जरा थांबायचीस, कारण तिथे तुझा श्वास पुरायचा नाही. मी अंधारात तुझ्यासाठी तिथे श्वास घ्यायचो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ठिकाणच नव्हतं आपल्याकडे.

बाई नवे शब्द द्यायला आल्या तेव्हा परतीची बोट लांबली, म्हणून मी त्यांच्याशी धक्क्यावर बोलत बसलो. सहजच विचारलं, वेळ जावा म्हणून, की दोन माणसांच्या नोंदी एकमेकींना जुळतात का हे बघायचं असेल तर दोन्ही उघडाव्या लागत असतील ना? त्या म्हणाल्या, नाही. दोन्ही कुलपात ठेवूनच यंत्र त्यांची तुलना करतं. दोघांनी होकार दिला पाहिजे, एवढंच. याला त्याचं काही दिसत नाही, त्याला याचं काही दिसत नाही, बाहेर येतो तो एकच शब्द: जुळतं किंवा जुळत नाही. मी म्हटलं, “बाई, हे ज्याने शोधून काढलं त्याला मोठी बहीण असणार.” बाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

बाकी सगळं ठीक. पाद्रीणबाई पुढच्या आठवड्यात ऑकलंडला येताहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र, दोन चटया आणि आत्याचा कागद पाठवतो. आत्याचा कागद सावकाश वाच, बसून. मला तुझ्याकडून काही नको. तू छपराकडे लक्ष दे.

तुझा आज्ञाधारक भाऊ
सोसाया

ता. क. वर मी डोळे मिटले असं लिहिलंय ते खरं आहे. पण माणसाला डोळे मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढा मलाही लागला. मूत्रपिंड हा शब्द दिसला, आणि ‘आठवड्यातून तीन वेळा’. याउपर काही नाही. हे मी सेलाला सांगितलेलं नाही, आत्याला तर नाहीच. देवाला सांगितलं, पण त्याला आधीच माहीत होतं आणि तो पुढे सांगत नाही. हे लिहून मी रीत मोडली. आई असती तर तिने मला काठीने बडवलं असतं, आणि मग तुझं ऐकून ती काठी धरून तशीच बसली असती.

ता. क. आणखी एक. मागच्या महिन्यात मी कंद विकायला राजधानीला गेलो होतो असं सेला तुला सांगेल. कंद मोठ्या दवाखान्याच्या फाटकापाशी पहारेकऱ्याकडे ठेवले होते, दोन दिवस. त्याने चांगले सांभाळले. आत माझं रक्त घेतलं, एका नळीतून दुसऱ्या नळीत मला बराच वेळ फिरवलं, आणि डॉक्टर म्हणाले की माझी दोन आहेत, दोन्ही धडधाकट, आणि माणसाचं एकावर चालतं. (हे मी माझ्या अंगाबद्दल लिहितोय, तुझ्या नाही, तेव्हा चालत असावं.)

ता. क. हे शेवटचं नाही. तुझ्या फोनवर बारा दिवसांपूर्वी एक प्रश्न आला असेल: आपल्या बेटावरची एक व्यक्ती आपल्या नोंदीशी स्वतःची नोंद जुळवून बघू इच्छिते, संमती आहे का? नाव नसेल. तू कोणी परका समजून बाजूला सारलं असशील, किंवा ओळखून बाजूला सारलं असशील. ताई, ‘हो’ दाब. मला काही दिसणार नाही, मी बाईंकडून तीन वेळा खात्री करून घेतली आहे. ‘नाही’ दाबलंस तरी ते मला कळणार नाही, यंत्र तेवढं सभ्य आहे. म्हणजे मी वाटच बघत राहीन. वाट बघायची मला सवय आहे, पण ही वाट फार लांब करू नकोस. ‘कोण’ असं तू विचारू नकोस, मी सांगणार नाही. यंत्रापुढे आपण दोघं एकमेकांना ओळखत नाही असं दाखवू. आयुष्यभर तेच करत आलोय, चुकणार नाही.

ता. क. आता खरंच शेवटचं. जुळलं तर मला तिकडे यावं लागेल आणि आपल्याला एकाच दवाखान्यात, एकाच छपराखाली झोपावं लागेल. ही अडचण मी डॉक्टरांना सांगून ठेवली आहे. ते म्हणाले, खोल्या वेगळ्या असतातच, हवं तर मजलेही वेगळे करता येतील. वरचा तुझा.